इंची गाडी आणि भंगारातली हत्यारं: जुनी स्पोर्ट्स कार घरच्या घरी उभी करायची तर

परभणीच्या एका जुन्या बंगल्यात लिंबाखाली वीस-बावीस वर्षं उभी असलेली स्टँडर्ड हेराल्ड मी टेम्पोत घालून छत्रपती संभाजीनगरला आणली, तेव्हा माझ्याकडे एक पक्कड, एक डिस्मिस आणि मोटारसायकलची पानापेटी एवढंच भांडवल होतं. पुढच्याच आठवड्यात बाजारात जाऊन एकशे आठ नगांची चकचकीत पेटी घेतली. साडेतीन हजार रुपये. त्यातला १३ नंबरचा पाना पहिल्या बोल्टवर चढवला, जोर दिला आणि बोल्टाचं डोकं गोल झालं. दुसऱ्याचंही झालं. तिसऱ्यानंतर शेजारच्या ट्रॅक्टर गॅरेजमधल्या उस्तादांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "इंच की गाडी है बेटा, इसको मिलीमीटर नक्को लगाव."

त्या एका वाक्यात माझे साडेतीन हजार बुडाले आणि पुढचे बरेच हजार वाचले. म्हणून पुढचं सगळं त्या क्रमानं लिहितो, ज्या क्रमानं मला आधी कुणी सांगायला हवं होतं. मराठवाड्यात बसून जुनी गाडी उभी करायला लागणारी बहुतेक हत्यारं इथंच आहेत, फक्त ती हार्डवेअरच्या दुकानात काचेमागं टांगलेली नाहीत.

हेराल्डला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर जाणकार नाक मुरडतील. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं बनवलेली ९४८ सीसीची ही छोटी गाडी. पण हिचीच मूळ ब्रिटिश बहीण ट्रायम्फ हेराल्ड, आणि तिचीच चॅसी (खालचा सांगाडा) आखूड करून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर आली, जी पक्की स्पोर्ट्स कार. दोन्हींचं रूप मिकेलॉटी या इटालियन माणसानं रेखाटलेलं. घरी काम करणाऱ्याला ही जात सोयीची: चॅसी वेगळी, बॉडी तुकड्यातुकड्यांत बोल्टानं बसवलेली, आणि पूर्ण बॉनेट पुढं उलटतं, त्यामुळं इंजिनाशेजारी चाकावर बसून काम करता येतं. एमजी असो, ट्रायम्फ असो, नाही तर साधी ॲम्बेसेडर, खाली सांगितलेलं त्या सगळ्यांना लागू आहे. प्रीमियर पद्मिनी मात्र फियाटच्या घराण्यातली, म्हणजे मिलीमीटरची. ती तुमच्याकडे असेल तर अर्धी डोकेदुखी कमी.

पायरी पहिली: दुकानात जाऊ नका, गाडी मोजा

पहिली खरेदी एकच, व्हर्नियर, म्हणजे मिलीमीटरच्या अंशापर्यंत मोजणारी सरकपट्टी. डिजिटलच पाहिजे असं नाही. ते आणि एक दोनशे पानी वही घेऊन गाडीभोवती दोन संध्याकाळ फिरा. प्रत्येक जागच्या बोल्टाचं डोकं सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत मोजा. वायर ब्रशनं आधी गंज आणि रंग खरवडा, नाहीतर माप मोठं येतं.

ब्रिटिश गाडीत तुम्हाला वारंवार असे आकडे दिसतील: ११.१ मिमी म्हणजे ७/१६ इंच, १२.७ म्हणजे १/२ इंच, १४.३ म्हणजे ९/१६. जुने मिस्त्री हे सुतात सांगतात. इंचाचे आठ सूत. म्हणून ७/१६ झाला साडेतीन सुती, १/२ चार सुती, ९/१६ साडेचार सुती. बाजारात जाताना ही भाषा येत असली की दुकानदार वेगळ्या नजरेनं पाहतो. पाव इंची बोल्टाला ७/१६ चं डोकं, ५/१६ च्या बोल्टाला १/२ चं आणि ३/८ च्या बोल्टाला ९/१६ चं असतं. गाडीतले बहुतेक बोल्ट याच तीन जाडींचे, त्यामुळं माझ्या वहीत या तीन मापांनीच पानंच्या पानं भरली.

आता माझी चूक कुठं होती ते पाहा. १३ चा पाना १२.७ च्या डोक्यावर चढतो, पण ०.३ मिमी ढिला. सैल बोल्टाला चालून जातं. वीस वर्षं गंजलेल्या बोल्टाला जोर दिला की कोपरे उडतात. ७/१६ वर ११ चा पाना चढतच नाही आणि ९/१६ वर १४ चा चढत नाही, तिथं माणूस १२ आणि १५ लावून आणखी वाट लावतो. मात्र काही मापं सुदैवानं जुळतात: ५/१६ ला ८ मिमी, ५/८ ला १६ मिमी आणि ३/४ ला १९ मिमी बेशक चालतो. म्हणजे इंचातली ही तीन मापं विकत घ्यायची गरज नाही. त्या चकचकीत पेटीतले माझे तेवढेच पाने कामी आले.

पन्नासच्या दशकातली किंवा त्याआधीची गाडी असेल तर आणखी एक भानगड येते, व्हिटवर्थ. त्या पान्यावर कोरलेला आकडा डोक्याच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो. १/४ व्हिटवर्थचा पाना प्रत्यक्षात १३.३ मिमी उघडा असतो. आकडा पाहून घेतला की फसलात. म्हणून बाजारातही व्हर्नियर खिशात ठेवायचं.

वहीत चार रकाने करा: जागा, माप, नग, आणि अवस्था. 'अवस्था' मध्ये 'गंजलेला', 'डोकं गेलेलं', 'हात पोचत नाही' असं लिहा. हात पोचत नाही तिथं फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना कुचकामी, तिथं गोटी (डोक्यावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) आणि लांब एक्स्टेन्शन लागणार. खरेदीची यादी याच रकान्यातून निघते, कॅटलॉगमधून नाही.

पायरी दुसरी: काय घ्यायचं, काय मागून आणायचं

रोज लागणारं विकत घ्या, वर्षातून एकदा लागणारं मागून आणा, आणि चुकलं तर जीव जाईल असं काम बाहेर द्या. रोजचं म्हणजे इंची मापाचे तीन-चार रिंग पाने, तेवढ्याच गोट्या, रॅचेट, दोन चांगले डिस्मिस, एक किलोचा आणि एक छोटा हातोडा, वाइस, वायर ब्रश, मल्टिमीटर, जॅक आणि चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). मागून आणायचं म्हणजे पुलर, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचं, चेन-पुली, मोठा कॉम्प्रेसर. बाहेरचं म्हणजे सिलिंडर बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग आणि पातळ पत्र्याचं वेल्डिंग.

वेल्डिंगबद्दल माझं मत ठाम आहे. स्वस्त इन्व्हर्टर मशिन घरच्या लाइटवर चालतं, म्हणून प्रत्येकाला ते घ्यावंसं वाटतं. पण बॉडीचा पत्रा एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असतो. कांडीच्या वेल्डिंगनं त्यात जोड कमी आणि भोकं जास्त होतात. डेंटरकडे तुकडा कापून, बसवून, क्लॅम्प लावून न्या आणि फक्त जोड मारून आणा. मजुरी निम्मी होते.

पायरी तिसरी: मराठवाड्यात नेमकं कुठं शोधायचं

सगळ्यात आधी माणसं, मग दुकानं. तुमच्या तालुक्यात जुना ॲम्बेसेडरचा मिस्त्री कोण होता, हे विचारा. एके काळी प्रत्येक जिल्हा कचेरीच्या दारात पांढरी ॲम्बेसेडर उभी असायची आणि तिला सांभाळणारा एक माणूस असायचा. ती गाडी मूळची ब्रिटिश मॉरिस, म्हणून त्या माणसाच्या पेटीत इंची पाने हमखास. आता त्याच्या मुलाचं दुकान असतं, आणि बापाची पेटी पोटमाळ्यावर. मला जालन्याच्या अशाच एका घरातून सात रिंग पाने मिळाले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी गाडी सुरू झाल्यावर एक चक्कर मारायची, या बोलीवर सौदा झाला. ती चक्कर अजून बाकी आहे.

दुसरं ठिकाण ट्रॅक्टरची गॅरेजं. जुन्या मॅसी फर्ग्युसनचं मूळ ब्रिटिश, त्यामुळं ते काम करणाऱ्यांकडे १/२ आणि ९/१६ रोज हातात असतात. विहिरीवरच्या जुन्या लिस्टर जातीच्या डिझेल इंजिनांना व्हिटवर्थचे पाने लागायचे. वीज आल्यावर इंजिनं भंगारात गेली, पाने मात्र गोठ्यात खुंटीला लटकत राहिले. गावी गेलात की विचारा. "काका, इंजनाचा जुना पाना आहे का?" एवढा प्रश्न पुरतो, उरलेला तास चहात आणि इंजनाच्या आठवणींत जातो.

तिसरं, रविवारचा आठवडी बाजार. आमच्याकडे तो जाफर गेटला भरतो. भाज्यांच्या पलीकडं पोत्यावर मांडलेली जुनी हत्यारं असतात. सकाळी लवकर जा, कारण चांगला माल मिस्त्री लोक आधी उचलतात. ढिगाला हात घालण्याआधी भाव विचारू नका. चार निरुपयोगी नग आणि एक हवा तो, असे पाच नग हातात घेऊन सगळ्यांचा मिळून भाव करा आणि मग चार परत ठेवा. हे मला कुणी शिकवलं नाही, पण बाजारातल्या बायकांना कोथिंबीर घेताना पाहून शिकलो.

चौथं, भंगारची गोदामं. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांतून निघालेलं लोखंड अखेर जालन्याच्या सळई कारखान्यांत वितळायला जातं. त्याआधी ते काही दिवस गोदामात पडून असतं, आणि तेवढीच तुमची संधी. कारखान्याच्या टूलरूममधून काढून टाकलेली कानस, वाइस, सरफेस प्लेटचे तुकडे, क्लॅम्प, जाड आय-बीमचे तुकडे इथं मिळतात. घरगुती कामाला ते आयुष्यभर पुरतील. गोदामवाल्याला लोखंडाच्या भावापेक्षा थोडे जास्त मिळाले की तो खूश असतो. फक्त एक पाहा: हत्यारावर एखाद्या कंपनीचं नाव किंवा नंबर कोरलेला असेल आणि ते कोरंकरकरीत असेल, तर ते भंगार नाही, चोरीचं असण्याची शक्यता आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच. गोदामातून घेताना साधी का होईना, पावती घ्या.

उरलं ते नवं. नाशिकच्या तपारियाचे पाने आणि पक्कडी मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याला मिळतात आणि किमतीच्या मानानं चोख असतात. इंची मापं मागितल्याशिवाय दुकानदार काढत नाही; चार दिवसांत मागवून देतो. आख्खा सेट घेऊ नका, वहीतली मापं सुटी घ्या. आट्या (बोल्ट-नटाचे पेच) साफ करायला टॅप, म्हणजे आटी पाडायचं हत्यार, लागले तर टोटेम हे नाव लक्षात ठेवा. ते वाळूजला बनतात, आणि मी दोन वर्षं त्याच रस्त्यानं कामावर जात होतो तरी मला पत्ता नव्हता.

पायरी चौथी: पोत्यावरच तपासा

जुनं हत्यार घ्यायचं म्हणजे म्हैस घ्यायची तसं. दात बघितल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

फिक्स पान्याचं तोंड फाकलेलं असतं, ते नुसत्या डोळ्याला दिसत नाही. खिशात एक नवा अर्ध्या इंची डोक्याचा बोल्ट ठेवा आणि पान्यात घालून हलवा. चुळबुळ जाणवली की सोडा. रिंग पान्याच्या आतले कोपरे बोटानं चाचपा; गोल झालेले असतील तर फुकट मिळाला तरी नको. कुणीतरी ग्राइंडरनं घासून पातळ केलेला पाना असेल तर तो अडचणीच्या जागेसाठी एक म्हणून ठीक, पण जोराच्या कामाला नाही. क्रोम उडालंय म्हणून पाना टाकू नका. उलट सोललेलं क्रोम हाताला कापतं म्हणून लोक तो स्वस्तात देतात. कडा घासून घेतल्या की काम भागतं.

गोटी घ्यायची तर सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. बारा कोनी लावायला सोपी, पण गंजलेल्या डोक्याचे कोपरे हीच खाते. रॅचेट कानाजवळ धरून फिरवा. टकटक एकसारखी यायला हवी. मध्ये एखादा ठोका चुकला तर आतला दात तुटलेला आहे, आणि तो नेमका तुमचा हात चॅसीच्या कडेजवळ असताना निसटणार.

छिन्नी किंवा पंचचं डोकं ठोकून ठोकून मशरूमसारखं फुललेलं असेल तर घरी नेऊन आधी ग्राइंडरवर ते फूल काढा. त्याच्या कडेचा तुकडा उडून डोळ्यात जातो. वाइसचा स्क्रू पूर्ण उघडून पुढचा जबडा वर-खाली हलवून बघा. बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागात तडा असेल तर वेल्डिंग करून भागत नाही. व्हर्नियर बंद करून उजेडाकडं धरा, दोन जबड्यांमधून प्रकाशाची रेघ दिसू नये आणि शून्यावर शून्य यावं.

जुना ड्रिल किंवा ग्राइंडर असेल तर शाफ्ट धरून आडवा हलवा, बेअरिंग गेलेलं लगेच कळतं. जळालेला असला तरी लगेच नको म्हणू नका. आपल्याकडं पाण्याच्या मोटारींमुळं प्रत्येक गावात रिवायंडिंगवाला आहे. मात्र आर्मेचर भरायला किती घेईल हे आधी विचारा. कधी कधी नव्या ड्रिलपेक्षा भरणं महाग पडतं.

जॅक तिथल्या तिथं तपासता येत नाही. परत घेण्याच्या बोलीवरच आणा, गाडीचं एक टोक उचलून खाली घोडी लावून रात्रभर ठेवा. सकाळी दांडा खाली आला असेल तर सील गेलेलं आहे.

पायरी पाचवी: गंज घरच्या बादलीत काढा

यासाठी मी ॲसिडसकट काय काय करून पाहिलं. शेवटी जमलं ते लिंबूसत्व. किराणा दुकानात छोट्या पुड्या मिळतात, पण रसायनांच्या दुकानातून किलोभर आणणं स्वस्त. प्लॅस्टिकच्या टबमध्ये एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम, आणि त्यात हत्यारं पूर्ण बुडवून ठेवायची. आठ तासांनी एकदा बाहेर काढून तारेच्या ब्रशनं घासायचं, गरज वाटली तर पुन्हा. चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवू नका, चांगलं लोखंडही खाल्लं जातं. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू आणि कडक स्प्रिंगा यात घालायच्या नाहीत. स्प्रिंग यानं ठिसूळ होऊ शकते. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच उन्हात ठेवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दहा मिनिटांत हत्यार हातात धरवत नाही इतकं तापतं, म्हणजे आटीतलं पाणीसुद्धा जातं. गरम असतानाच तेलाचा हात फिरवा.

मोठ्या वस्तूंसाठी, म्हणजे वाइसचा सांगाडा किंवा ब्रेक ड्रमसाठी, बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा वापरून विजेनं गंज काढता येतो. गंजलेली वस्तू निगेटिव्हला, एखादा साधा लोखंडी पत्रा पॉझिटिव्हला. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि हे काम अंगणातच करा, कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात. शेजारी बिडी ओढणाऱ्याला उभं करू नका.

हातोड्याचा दांडा बाभळीचा बसवा. गावाकडचा सुतार कुऱ्हाडीला घालतो तोच. वर जवसाचं तेल चोळलं की घामानं फाटत नाही. तेलाची चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं आणि बंद जागेत चिंधी आपोआप पेट घेते. ती पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

पायरी सहावी: काही हत्यारं मिळत नाहीत, ती करावी लागतात

इंजिन उचलायचं कसं, हा प्रश्न मला दोन महिने पडला होता. कारखान्यातली क्रेन घरी येणार नाही. उत्तर रस्त्यापलीकडच्या बोअरवेलवाल्याकडे निघालं. विहिरीतून मोटार ओढायची त्याची तिवई आणि एक टनाची चेन-पुली दिवसभरासाठी मिळाली. तिवईचे तिन्ही पाय खाली साखळीनं एकमेकांना बांधा, नाहीतर वजन आल्यावर फरशीवर पाय पसरतात. आणि शेडच्या लोखंडी कैचीला चेन-पुली अडकवायचा मोह टाळा. ती कैची पत्र्याचं वजन धरायला केलेली असते, इंजिनाचं नाही.

पिस्टन रिंग दाबायचा पट्टा तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्यातून कापून होतो. कडा घासून घ्या आणि बाहेरून पाइपाचा क्लिप आवळा. क्लच मधोमध बसवायचा खुंटा लाकडाचा, लेथवाल्याकडून दहा मिनिटांत वळवून मिळतो, जुना गिअरबॉक्सचा शाफ्ट मापासाठी सोबत न्या. व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायला मोठा जी-क्लॅम्प आणि एका बाजूला खिडकी कापलेला पाइपाचा तुकडा पुरतो. स्प्रिंग निसटली तर गोळीसारखी उडते, चष्मा लावूनच.

आट्या साफ करायला प्रत्येक वेळी टॅप लागत नाही. त्याच मापाचा चांगला जुना बोल्ट घ्या, हॅक्सा ब्लेडनं त्याच्या आट्यांवर लांबीच्या दिशेनं दोन-तीन चिरा पाडा, तेल लावून हातानं फिरवा. चिरेत घाण जमा होते आणि मूळ आटी कापली जात नाही. फक्त माप तेच हवं. ५/१६ चा बोल्ट ७.९४ मिमीचा आणि आपला नेहमीचा ८ नंबरी बोल्ट दिसायला सारखाच. पण एकाच्या इंचाला चोवीस आट्या आणि दुसऱ्याच्या दोन आट्यांतलं अंतर सव्वा मिलीमीटर. दोन फेरे आत जातो, वाटतं बसला, आणि तिसऱ्या फेऱ्यात ब्लॉकची आटी कायमची जाते. गाडीच्या भोवती मिलीमीटरी बोल्टांचा डबा ठेवूच नका.

अडकलेल्या बोल्टासाठी मिस्त्री डिझेल सोडतात, त्यानं थोडं होतं. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळून थेंब थेंब सोडलं तर जास्त आत मुरतं. दोन दिवस रोज सोडा आणि मग खोलायच्या आधी किंचित आवळा. तडकन आवाज आला की समजा गंज सुटला. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळं गॅसची ज्योत लावायची असेल तर त्या दिवशी नाही.

टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की टक करणारा) जुना मिळाला तर तो खरं बोलतो का, हे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, वजनानं तपासता येतं. पान्याचा चौकोनी खुंट वाइसमध्ये पकडा, दांडा आडवा ठेवा आणि मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर शिक्क्याचं १० किलोचं वजन टांगा. ४९ न्यूटन-मीटर, म्हणजे ३६ फूट-पाउंडाच्या आसपास टक व्हायला हवी. पान्याच्या स्वतःच्या वजनामुळं थोडी आधी होईल. माझा जुना पाना फारच आधी टक करत होता. आता तो भिंतीवर शोभेला आहे.

पायरी सातवी: इथं हात आखडू नका

घोड्या नव्या किंवा जाड अँगलच्या बनवून घ्या, आणि गाडीखाली शिरण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी जोरात ढकलून पाहा. पोकळ सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली लावलेले मी पाहिलेत. ते न सांगता एकदम फुटतात. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या दाराखालच्या कडेखाली सरकवून ठेवायची सवय करा.

ग्राइंडरची चाकी बाजारातल्या पोत्यावरून घेऊ नका. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती पाहा. गार्ड काढून टाकायचा नाही, मिस्त्री काढतात म्हणून. चष्मा आणि मास्क यांवर पैसे गेले म्हणून कुणी भिकेला लागलेलं मी पाहिलं नाही. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासण्यापेक्षा पाणी लावून घासा. ब्रेक ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

चार्जर लावण्याआधी बॅटरीची कुठली वायर बॉडीला जोडली आहे ते बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह बॉडीला असते. आपल्या सवयीनं उलटी जोडली तर नवा रेडिओ आणि टायमिंग लाइट तत्क्षणी जातो.

पायरी आठवी: ठेवायचं कुठं

आपली हवा वर्षातले आठ महिने कोरडी, तेवढं आपलं नशीब. पण श्रावणात रात्रीत तांबडं फुलतं. हत्यारं पोत्यात ठेवू नका, पोतं ओल धरतं. मी एक जुनी प्लायची फळी भिंतीला लावली, प्रत्येक पान्याभोवती मार्करनं त्याची आकृती काढली, आणि दर रविवारी तेलाचं फडकं फिरवतो. कुणी काही नेलं तर त्या खिळ्याला चिठ्ठी. सध्या फळीवर दोन आकृत्या रिकाम्या आहेत. एक ११/१६ चा रिंग पाना, जो अजून कुठंच मिळालेला नाही. दुसरा अर्ध्या इंचाचा, तो उस्तादांकडे आहे, आणि त्याच्या खिळ्याला मी चिठ्ठी लावलेली नाही.